बागेतल्या बाकावर कोणी बसत नाही

७ जानेवारी

प्रिय ताई,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून दचकू नकोस. फोनवर आई तुझ्या खांद्याला खांदा लावून बसते आणि मध्येच "काय म्हणतेय? काय म्हणतेय?" करते, त्यात धड काही बोलणं होत नाही. हे तिला एवढ्यात कळायला नको.

आमचं नवराबायकोचं वेगळं झालं ते तुला माहीतच आहे. आता या शहरात मला आणि भिंगरीला धरून ठेवणारं काही उरलेलं नाही. शिवणाच्या दुकानात दिवसभर दुसऱ्यांच्या पँटी आखूड करते आणि घरी येऊन पोरीवर खेकसते. परवा एक बातमी कळली. आपल्या गावात तळ्याकाठी म्हणे पाहुण्यांसाठी मोठं हॉटेल निघालंय. आपल्या गावात! पाहुणे! त्यांना खोल्यांची व्यवस्था बघणारी बाई हवी आहे. मी अर्ज केला आणि त्यांनी हो म्हटलंय.

तर एक काम कर. आपल्या गावात बघण्यासारखं जे जे आहे म्हणतात, ते सगळं एकदा पाहुण्यासारखं बघून ये. तू जन्मभर तिथे राहिलीस पण मनोऱ्यावर कधी चढली नाहीस, मला ठाऊक आहे. काय आहे, काय नाही, खरं लिही. आईला विचारलं तर ती "सोन्यासारखं गाव आहे, ये" म्हणणार. तू खोटं लिहीत नाहीस. स्वतःच्या डायरीतसुद्धा खाडाखोड करून खरं करतेस.

आणि मुख्य गोष्ट एकच. भट्टीचा वास गेला का?

बाबा हाडं-कातडी उकळून सरस काढायचे आणि आपण तो वास अंगावर घेऊन जगात हिंडायचो. कॉलेजात पहिल्या दिवशी माझ्या बाकावरच्या बाहेरगावच्या दोघी उठून मागे गेल्या, ते मी विसरलेले नाही. गाव सोडलं ते त्यासाठी. तो वास पोरीच्या केसांत गेलेला मला चालणार नाही. बाकी काहीही चालेल.

तुझी,
बारकी

१९ जानेवारी

प्रिय बारके,

पत्र दोनदा वाचलं. आईला काही सांगितलं नाही. रविवारी मी बाहेर पडताना तिने कुठे म्हणून विचारलं. मनोरा बघायला, म्हटल्यावर ती म्हणाली, "आपलंच गाव बघायला तिकीट काढणार? डोकं ठिकाणावर आहे ना?"

तिचं बरोबर होतं. मनोऱ्याचा जिना इतका अरुंद आहे की उतरणाऱ्याचं पोट चढणाऱ्याच्या तोंडाला लागतं. भिंतींवर प्रेमिकांनी खिळ्याने नावं कोरली आहेत आणि त्यावर कबुतरांनी आपलं काम केलं आहे. वर पोहोचल्यावर दम लागला म्हणून कठड्याला धरलं, तर कोणीतरी चघळून चिकटवलेला गोळा हाताला लागला. ओला होता. शेजारी एक गृहस्थ बायकोला "अजून वाक, अजून वाक" करत फोटो काढत होते. ती भीतीने पांढरी पडली होती. आणि लहानपणापासून आपण ज्या घड्याळाला मान वर करून बघत आलो, त्याचे काटे आता रंगवलेले आहेत. खरे पडले, तर तबकडीवर काळ्या रंगाने नवे काढले. त्या रंगवलेल्या काट्यांसमोर लोक रांग लावून उभे राहतात.

तिथून तळ्यावर गेले. पायाने मारायच्या होड्या आल्या आहेत, बदकाच्या आकाराच्या. एकाही बदकाला दोन्ही डोळे नाहीत. पाणी हिरवं आणि जाड, होडीने कापलं तर पुन्हा हळू मिटतं. काठावर लोक पाव विकत घेऊन माशांना घालतात. ते मासे मी पाहिले आणि दोन पावलं मागे सरले. एकमेकांच्या अंगावर चढून नुसती तोंडं वर काढतात, शेकडो तोंडं, उघडमीट उघडमीट. एका बाईने त्याच पाण्यात बाळाचे पाय बुडवले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जेवून झाल्यावर त्या कुटुंबाने ताटल्या गवतावरच टाकल्या आणि "किती घाण आहे इथे" असं म्हणत दुसरीकडे जाऊन बसले.

घरी येऊन हात तीनदा धुतला. रात्री डायरीत हे सगळं लिहिल्यावर मनात आलं, मला किळस जरा लवकर येते. जिथे हजार माणसं हसत होती तिथे मी एकटी तोंड वाकडं करून उभी होते. तेव्हा माझं लिहिणं थोडं कमी करून घे.

वासाबद्दल. तळ्याला शेवाळाचा आहे, मनोऱ्याला कबुतरांचा. भट्टीचा आला नाही. पण भट्टी आणि त्यामागची नवी बाग बघितल्याशिवाय मी ठाम लिहिणार नाही.

ताई

२७ जानेवारी

प्रिय ताई,

तुझे मासे वाचून जेवण गेलं नाही! आणि तरी हसू येत होतं. वास सोडून तू लिहिलेलं सगळं मला चालेल. इथल्या तळ्यात काय गुलाबपाणी आहे?

भट्टी कधी बघतेस? हॉटेलवाले घाई करतायत. दुकानात महिन्याची सूचना द्यावी लागेल.

तुझं पाकीट भिंगरीने फोडलं. म्हणाली, "मावशीच्या पत्राला कसला वास येतो गं?" मी म्हटलं, डिंकाचा. काय गं, कुठला डिंक वापरतेस? एवढी हुशार तू, कॉलेजात शिकवतेस, एक चांगला डिंक मिळत नाही?

बारकी

५ फेब्रुवारी

प्रिय बारके,

डिंक कॉलेजच्या प्रयोगशाळेतला आहे, बरेच दिवस उघडा राहिलेला. बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला वापरतो तोच. भिंगरीला सांग, पुढच्या वेळी नवी बाटली फोडेन.

भट्टी बघून आले. अजून राग उतरलेला नाही, म्हणून सावकाश लिहिते.

बंद पडून इतकी वर्षं झाली, आता तिचं संग्रहालय झालं आहे. दारात एक नटलेली मुलगी प्रत्येकाला सुगंधी कागदी रुमाल देते आणि लाडिक आवाजात म्हणते, "आत गेल्यावर लागेल हं!" बस्स, तिथूनच नाटकाला सुरुवात. लोक आत पाऊल टाकायच्या आधीच रुमाल नाकाला लावतात, ईऽऽ करतात, खिदळतात. मी रुमाल घेतला नाही. ती मुलगी माझ्याकडे बघतच राहिली.

आत कढया घासून, काळ्या रंगाने रंगवून मांडल्या आहेत. त्यांत प्लास्टिकची हाडं. समोरच्या भिंतीवर कामगारांचा एक जुना फोटो भिंतीएवढा मोठा करून लावला आहे. दुसऱ्या रांगेत बाबा आहेत. डोक्याला फडकं, हात कोपरापर्यंत चकचकीत. मी त्यांना इतकं मोठं कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्यापुढे एक तरुणी चिमटीत नाक धरून, जीभ बाहेर काढून उभी होती आणि तिचा नवरा फोटो काढत होता. बाबांच्या तोंडासमोर, बारके.

मी म्हटलं, "अहो, ही माणसं आहेत."

तो म्हणाला, "बाई, आम्ही माणसांना नाही, वासाला करतोय."

"कसला वास? कढया धुऊन रंगवल्यात, हाडं प्लास्टिकची. दारातल्या मुलीने सांगितलं म्हणून नाक धरता!"

त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि माझ्यापासून लांब सरकले. मला त्या माणसांची शिसारी आली. आपल्या बापाच्या घामाचा यांना तिकीट काढून तिटकारा करायचा आहे.

मागे हाडं भिजत घालायचे ते खड्डे होते ना? ते बुजवून वर बाग केली आहे. फुलझाडं इतकी दाटीने लावली आहेत की डोकं भणभणतं. बाकं नवीकोरी, पण बसलेलं कोणी नाही. येतात, फोटो काढतात, पळतात. आता कोणालाच कुठे दोन मिनिटं बसवत नाही.

मी मात्र बसले. तुझ्या प्रश्नासाठी बसले. प्रयोगशाळेत अनोळखी बाटली हुंगतात तसं, तोंड मिटून, हाताने हवा नाकाकडे घेत, सगळीकडे फिरून बघितलं. माझं नाक कॉलेजात प्रसिद्ध आहे. गॅस किंचित गळला तरी आधी मला कळतो, मुलं मागे मला "भुंगा" म्हणतात. मला ओल्या मातीचा वास आला, गुलाबांचा आला, बाकाच्या रंगाचा आला. भट्टीचा आला नाही.

वास गेला, बारके. शपथेवर लिहिते.

एक गोष्ट आणखी लिहायला हवी. तू यावीस असं मला फार वाटतं. आई थकली आहे आणि संध्याकाळी घरात आमच्या दोघींच्या चपलांखेरीज आवाज नसतो. हे लक्षात घेऊन माझं म्हणणं तोलून बघ.

ताई

११ फेब्रुवारी

ताई,

तोलून झालं. तुझी शपथ म्हणजे मला सरकारी शिक्का. दुकानात सूचना दिली, खोली सोडतेय. आईला आता सांगून टाक. भिंगरीने तर बाहुलीचं सामानसुद्धा बांधलं.

बारकी

२ एप्रिल

ताई,

जुन्या दुकानातून तातडीचं बोलावणं आलं असं तुला आणि आईला सांगून आम्ही गावाहून चार दिवसांत परत निघालो, ते खोटं होतं. कसलं बोलावणं? दुकानात माझ्या जागी दुसरी बाई बसली आहे. सध्या मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात गादी टाकून झोपतो आणि मी एका इस्पितळाच्या चादरी धुण्याच्या कामाला लागले आहे.

बस वळणावर यायच्या आधीच मला तो आला. मला वाटलं, भास असेल, इतक्या वर्षांनी येतोय म्हणून. मग भिंगरी म्हणाली, "आई, काहीतरी मेलंय." स्टँडवर उतरल्या उतरल्या ती माझ्या पायांवर ओकली. आणि तू पाण्याची बाटली घेऊन हसत उभी होतीस. "बस लागली वाटतं हिला!" म्हणालीस.

घरात तोच. पांघरुणांत तोच. आईने पोरीला पोटाशी धरलं तर पोर अंग चोरून उभी राहिली, आणि आई म्हणाली, "लाजते बाई अजून." रात्री भिंगरी दप्तरात तोंड घालून झोपायची, कारण दप्तराला या शहराचा वास होता. तुला वाटलं तिला शाळेची किती आवड! हॉटेलात गेले तर मालक म्हणाला, पाहुणे एक रात्र काढतात, दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे परत मागतात.

तुझ्या त्या फोटोवाल्या जोडप्याबद्दल मी गाडीत बसल्या बसल्या विचार केला. ती बिचारी खरंच सांगत होती.

तू असं का केलंस? आईला सांभाळायला माणूस हवं होतं तर तसं लिहायचं. मी कदाचित तरीही आले असते. पण शपथ? इतकी वर्षं मी सांगत आले, ताई खोटं बोलत नाही. मला किळस आली आहे. गावाची जुनीच होती. आता तुझी.

पत्राचं उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

१४ एप्रिल

प्रिय बारके,

उत्तर देते. फाडायचं असेल तर वाचून फाड.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी घरभर हुंगत फिरते आहे. उशी, पडदे, आईचं लुगडं, माझी जुनी डायरी. मला काही येत नाही. साबण येतो, कापूर येतो, वरणाला लागलेली करप येते. तो येत नाही. मी खोटं लिहिलं नव्हतं असं म्हणावंसं वाटतं, पण मग भिंगरी का ओकली?

शेवटी कॉलेजात रसायनाच्या सरांना विचारलं. ते दोन वर्षांपूर्वी बाहेरून बदलून आले आहेत. "सर, आपल्या गावात वास येतो का?"

ते चष्मा पुसू लागले. म्हणाले, "मॅडम, सुरुवातीला मी दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून जेवायचो. बायको तर माहेरीच गेली होती. नंतर येईनासा झाला."

"म्हणजे गेला?"

"गेला नाही. येईनासा झाला. नाक आहे ना, रोजचं झालं की सांगणं सोडून देतं. बाकीचं सगळं सांगतं, तेवढंच नाही."

"मग दोन वर्षांत मला कधी बोलला नाहीत?"

ते लाल झाले. "तुम्हाला कसं सांगणार? तो..." वाक्य मी घरी आणून पूर्ण केलं. तो माझ्याच अंगाला येत असणार. मी "भुंगा" म्हणून मिरवत होते. मुलं त्याच नावाने हसत असतील की आणखी कशाने?

ही गोष्ट आपल्या घरात कोणालाच कशी ठाऊक नव्हती याचं मला नवल वाटतं. बाबा भट्टीवरून आल्यावर अंघोळ करून म्हणायचे, "गेला वास," आणि आपण म्हणायचो, "हो, गेला."

तरी एक प्रश्न पाठ सोडत नाही. सरांना मी तू येण्याआधी का विचारलं नाही? बाहेरच्या माणसाला विचारावं, इतकं साधं होतं. रोज समोर होते. मला उत्तर नको होतं का? याचं खरं उत्तर मला देता येत नाही. ज्या नाकावर विसंबले तेच असलं निघालं, तर मनाची काय खात्री देऊ?

तुझी नोकरी गेली ती माझ्यामुळे.

ताई

२५ एप्रिल

ताई,

फाडलं नाही.

राग आहे, पण एक कबूल करायला हवं. तुझ्या पाकिटांना वास होता. पहिल्यालाच. मला ओळखू आला होता, आणि यायचं होतं म्हणून मी पोरीला डिंक सांगितलं. तू नाकाने फसलीस. मी तर नाक असून.

मला खोली मिळाली आहे, इस्पितळाच्या मागे. सुट्टी लागली की आठ-दहा दिवस ये. आईला शेजारच्या काकूंकडे सोड. कपडे नवे घेऊन ये, जुने नको. वाईट वाटून घेऊ नकोस.

बारकी

२२ मे

प्रिय बारके,

मी तुझ्याकडून निघून तासाभरापूर्वी घरी पोहोचले. चप्पल काढून थेट लिहायला बसले आहे. आई विचारते आहे, "अगं, चहा तरी घे." घाई आहे. का ते पुढे लिहिते.

मला आला.

वळणाच्या बराच आधी. आधी वाटलं, गाडीत कोणाच्या पिशवीत काहीतरी कुजलंय. मी कंडक्टरला म्हटलं, "अहो, काहीतरी मेलंय गाडीत." तो म्हणाला, "मॅडम, नवीन दिसता. तुमचं गाव आलं."

नाक पुन्हा सांगणं सोडायच्या आत तो कसा आहे ते लिहिते, म्हणजे माझ्या अक्षरात कुठेतरी राहील. त्याला गोडसर बाजू आहे, हे सगळ्यात वाईट. कुजलेल्या चरबीवर कोणी साखर टाकावी तसा. तो नाकात थांबत नाही, जिभेवर येऊन बसतो, थुंकी गिळवत नाही. स्टँडवर मी खांबाला धरून ओकले. पाणी घेऊन कोणी उभं नव्हतं. रिक्षा बागेवरून आली. गुलाब फुलले आहेत आणि त्यांच्या खालून तो वर येतो आहे, ओला, गरम. बाकं रिकामी. तिथे बसून मी तुला शपथ लिहिली.

घराचं दार आईने उघडलं. तिने दोन्ही हात पुढे केले आणि मी श्वास रोखला. आईला जवळ घेताना, बारके. तिच्या मानेत, केसांत, पदरात. तिला काही कळलं नाही. "किती वाळलीस," म्हणाली. भिंगरी चार दिवस हे करत होती आणि आम्ही लाजते म्हणत होतो. तू इथे वाढलीस, बाहेर पडलीस आणि लोकांच्या नजरेत हे बघत जगलीस. मी आतच राहिले, म्हणून मला वाटत आलं की बारकीला माणसांचा उगाच राग आहे.

माझ्या उशीला आहे. कपाट उघडलं तर भपकारा आला. तू पहिल्या दिवशी माझी बॅग गॅलरीत ठेवलीस तेव्हा मी मनातून दुखावले होते. आता तुझे हात धरावेसे वाटतात. मी रोज हे अंगावर घालून वर्गात जात होते.

तर येऊ नकोस. भिंगरीला आणू नकोस. तळ्याकाठचं हॉटेल असो की आईची शपथ असो, कितीही बोलावलं तरी. मला तू इथे हवी आहेस, अजूनही. तरी हे लिहिते.

आणि तुझ्या खोलीमागची ती दुसरी खोली, जी रिकामी आहे म्हणालीस, ती आम्हा दोघींसाठी विचारून ठेव. मी तेव्हा हसून टाळलं. आईला मी तयार करीन. ती म्हणेल, सोन्यासारखं गाव सोडून कुठे जायचं. माझ्याकडे उत्तर नसेल, कारण

आई चहा घेऊन आली होती. पाच मिनिटं तिच्याशी बोलले. ती काकूंच्या घरची गंमत सांगत होती, मी हसले. ती गेल्यावर पुन्हा लिहायला घेतलं आणि थबकले. कप नाकाशी धरला, चहाचा वास आला. पदर हुंगला, प्रवासाची धूळ आली. उशी उचलून तोंड खुपसलं.

खिडकीत जाऊन जोरात श्वास घेऊन आले. हवा छान आहे, बारके. गार आहे, कुठेतरी माती भिजली आहे. याच खिडकीत मघाशी मला पुन्हा ओकारी आली होती.

हे पत्र जपून ठेव. आठ दिवसांनी मी कदाचित लिहीन की आई तयार होत नाही, आणि खरं तर इथे तसं वाईट काय आहे. तेव्हा हेच मला परत पाठव. पहिली पानं मी नाक असताना लिहिली आहेत, ती खरी धर. हे शेवटचं धरू नकोस.

ताई